दुसरा बाक

उझैरला मस्कतची नोकरी लागली आणि घरात सगळ्यात आधी विषय निघाला तो अर्शीच्या शाळेचा. व्हिसा, तिकिटं, राहायची जागा हे कंपनी बघणार होती. शाळा मात्र आपली आपण शोधायची होती, आणि आपल्याकडची मुलं जातात त्या तिथल्या शाळा खासगी. मूल घ्यायचं की नाही हे त्या मुलाखत घेऊन ठरवणार.

उझैर नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत, पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात होता. वरद कुलकर्णी तिथेच पूर्वी त्याचा वरिष्ठ होता. वरद मस्कतला गेला, तिथे जम बसवला, आणि जागा निघाल्याबरोबर त्याने उझैरचं नाव पुढे केलं. शाळाही त्यानेच सुचवली. समुद्राजवळची, पोहण्याचा तलाव असलेली, त्याची मनवा जिथे शिकत होती ती.

"मी शब्द टाकलाय," तो फोनवर म्हणाला. "ऑनलाइन मुलाखत आहे, पण ती नावाला. एकच सांगतो उझैर, मुलीच्या यंत्रांचं बोलू नका. केस मोकळे सोडा, कान झाकले जातात. एकदा ॲडमिशन झाली की मग कळलं तरी कोण काढतंय?"

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरात सुमैरा चपात्या लाटत होती. तिचा हात थांबला, पण ती बाहेर आली नाही. वरदचा फोन संपल्यावर तिने तव्यावरची चपाती उलटली आणि आतूनच विचारलं, "तुम्ही हो म्हणालात?"

"काहीच म्हणालो नाही."

"म्हणजे हो म्हणालात."

अर्शी आठ वर्षांची होती, तिसरीत. बडबडी, हट्टी, चित्रं काढणारी. दोन्ही कानांना जन्मापासून कमी ऐकू यायचं. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते तिच्या दादीच्या, हाजराबींच्या. कुकरची शिट्टी झाली तरी पोरगी दचकत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या, तेव्हा अर्शी पाळण्यात होती. मग पुण्याच्या फेऱ्या, तपासण्या, बोलायला शिकवणाऱ्या बाई, आणि कानांमागे बसणारी यंत्रं. पहिली यंत्रं कातडीच्या रंगाची होती. ती बदलायची वेळ आली तेव्हा दुकानदाराने पुन्हा तोच रंग पुढे केला. अर्शीने खोक्यातल्या जांभळ्यावर बोट ठेवलं आणि ते सोडलं नाही.

सुमैरा दिल्लीगेटजवळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होती. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं, नळ्यांवर नावं लिहायची. नगरमधल्या एका बालवाडीने, अशा मुलांची वेगळी शाळा असते, असं तिला सांगितलं होतं. तेव्हा ती वेगळ्या शाळेत न जाता तडक सावेडीच्या एका साध्या सेमी-इंग्रजी शाळेत गेली होती. तिथल्या स्नेहल बाईंनी पोरीकडे बघून विचारलं, "मला काय करावं लागेल ते सांगा." सुमैराने सांगितलं. बोलताना तोंड मुलांकडे ठेवायचं, फळ्यावर लिहिताना बोलायचं नाही, आणि अर्शीला पहिल्या बाकावर बसवायचं. बाईंनी ते सगळं केलं. तेव्हापासून अर्शी पहिल्या बाकावर होती आणि वर्गात कुणाच्या मागे नव्हती.

रात्रीची जेवणं झाल्यावर उझैरने पुन्हा विषय काढला. "खोटं कुठे बोलायचंय? कुणी विचारलं नाही तर सांगायचं नाही, एवढंच."

"आणि विचारलं तर?"

"केस मोकळे असले तर कशाला विचारतील?"

हाजराबी पान लावत बसल्या होत्या. त्या बेलापूरला, थोरल्या मुलाकडे, शमशेरकडे राहायच्या, पण उझैर जाणार म्हणून नगरला येऊन राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुमैरा, पोरगी नीट बोलती, नीट ऐकती. मग कशाला उगा सांगत बसायचं? एवढी मोठी शाळा हाय. एकदा आत जाऊ दे."

"अम्मा, लॅबमध्ये माणसं येतात. मी विचारते, उपाशी आहात ना? हो म्हणतात. चहा-बिस्किट खाऊन आलेली असतात. मी काय करणार, रक्त घेते. साखर जास्त निघते आणि डॉक्टर त्यांना नसलेल्या रोगाच्या गोळ्या देतात." सुमैरा उझैरकडे वळली. "तुम्हाला वाटतं आपण शाळेला फसवणार. भोगायचं अर्शीला. बाई फळ्याकडे तोंड करून बोलणार, हिला कळणार नाही, आणि सगळे म्हणणार की पोरगी ढ आहे. तेव्हा कुठल्या तोंडाने सांगणार, की तिला ऐकू येत नाही, आम्ही लपवलं होतं?"

उझैर एवढंच म्हणाला, "वरदने माझ्यासाठी खूप केलंय."

मुलाखतीच्या दिवशी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. हॉलमध्ये लॅपटॉप लावला, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलं, अर्शीला नवा फ्रॉक दिला. मग तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून, तिला ओठ दिसतील असं, तो म्हणाला, "आज केस मोकळे ठेवू. छान दिसतात."

अर्शीने त्याच्याकडे पाहिलं. "वेणी नको?"

"आज नको."

"का?"

"असंच."

"माझे कान वाईट दिसतात?"

उझैर वाईट बाप नव्हता. पुण्याच्या फेऱ्यांमध्ये एसटीत पोरीला मांडीवर घेऊन तोच बसायचा. पण या प्रश्नावर त्याला पटकन नाही म्हणता आलं नाही, आणि तेवढ्या वेळात अर्शीची नजर खाली गेली.

सुमैरा दारात उभी होती. ती आत आली, कंगवा घेतला आणि अर्शीला स्टुलावर बसवलं. मधोमध भांग पाडला आणि दोन घट्ट वेण्या घालायला घेतल्या. एकेक बट मागे ओढत तिने कान पूर्ण मोकळे केले. शेवटी रिबिनी बांधल्या. जांभळी यंत्रं लांबून दिसावीत अशी दिसत होती.

"सुमैरा," उझैर हळू आवाजात म्हणाला.

"मुलाखत तिची आहे ना? मग ती दिसू दे."

पडद्यावर आलेल्या बाई प्रवेश विभागाच्या प्रमुख होत्या. इंग्रजीत बोलत होत्या, गोड आणि वेगात. आधी त्यांनी शाळेबद्दल सांगितलं, मग अर्शीला नाव विचारलं, आवडता विषय विचारला. अर्शीने दोन्ही सांगितलं. तिचं इंग्रजी सावेडीचं होतं, जरा अडखळत चालणारं, पण चालत होतं. मग बाई थांबल्या आणि पडद्याजवळ वाकल्या.

"तिच्या कानांना काय आहे?"

"हिअरिंग एड्स," सुमैरा म्हणाली. "दोन्ही कानांना. तिला ऐकायला कमी येतं. यंत्रं लावून आणि ओठ बघून ती नीट शिकते. तिची प्रगतिपुस्तकं तुम्हाला पाठवली आहेत."

बाईंचा चेहरा पडला नाही. तो तसाच हसरा राहिला. त्या म्हणाल्या, अशा मुलांसाठी त्यांच्याकडे फार चांगली सोय आहे, वेगळ्या इमारतीत. तिथे आधी तिची चाचणी घेऊ, बहुधा एक इयत्ता मागे घ्यावं लागेल, आणि पुढेमागे जमलं तर मुख्य वर्गात आणण्याचा विचार करू. हे सांगताना त्या बाजूच्या दुसऱ्या पडद्यावर काहीतरी वाचत होत्या, त्यामुळे त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता.

"मॅडम," अर्शी मध्येच म्हणाली, "प्लीज इकडे बघून बोला. मला तुमचं तोंड दिसत नाही."

बाईंनी तिच्याकडे पाहून मान डोलावली आणि सुमैराला विचारलं, "ती नेहमी अशी मध्ये बोलते का?"

"विषय तिचाच चाललाय," सुमैरा म्हणाली. "मॅडम, मलाही थोडं विचारायचंय. एका वर्गात मुलं किती? वर्गात आवाज घुमतो का? फळ्यावर लिहिताना तुमच्या शिक्षिका बोलतात का?"

"हे बघा, इथे प्रश्न आम्ही विचारतो. तुम्हाला ही जागा मिळतेय ती शिफारशीमुळे."

"मग ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. प्रगतिपुस्तकही न उघडता तुम्ही माझ्या मुलीला एक इयत्ता मागे घ्यायला निघालात. आम्हाला ही शाळा पसंत नाही."

तिचं इंग्रजी फार सफाईचं नव्हतं, पण शेवटचं वाक्य तिने सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. नमस्कार केला आणि लॅपटॉप मिटला. अर्शीने विचारलं, "झालं?" सुमैरा म्हणाली, "झालं. फ्रॉक बदल."

मग उझैरच्या तोंडून सगळं एकदम बाहेर आलं. वरदला आता काय तोंड दाखवू? कंपनीतल्या सगळ्यांची मुलं तिथे जातात, बस तिथेच जाते, आणि तू पाच मिनिटांत लॅपटॉप मिटलास. शाळा तरी मला विचारून नाकारायची होतीस.

"तुम्ही मला विचारून वरदभाऊंना हो म्हणालात का?" सुमैराने विचारलं.

वरदचा फोन संध्याकाळी आला. तो चिडला होता, पण सुमैराशी बोलताना त्याने आवाज सांभाळला. "वहिनी, तुम्ही नगरच्या हिशोबाने बघताय. इथं ओळखीशिवाय पान हलत नाही. मी भलं बघत होतो."

"वरदभाऊ, तुमच्या मनवाला चष्मा आहे ना? तो काढून मुलाखतीला बसवलं होतं का तिला?"

"चष्म्याचं वेगळं असतं."

"काय वेगळं असतं?"

मग वरद म्हणाला, "उझैरला रुजू व्हायची तारीख पाळायला सांगा," आणि फोन ठेवला.

तारीख पाळणं भाग होतं. एवढी चांगली नोकरी पुन्हा येणार नव्हती, हे सुमैरालाही कळत होतं. ती म्हणाली, "तुम्ही जा. शाळा सापडली की आम्ही येतो."

"आणि नाही सापडली तर?"

"तर स्नेहल बाई आहेत. पण पोरीला लपवून मी विमानात बसणार नाही."

निघण्याच्या दिवशीही दोघं एकमेकांशी मोजकंच बोलले. उझैरने अर्शीचे गाल धरून तिला जवळ घेतलं, आईचा हात डोक्यावर घेतला, आणि सुमैराला म्हणाला, "दाराची कडी नीट होत नाही, सुतार बोलाव." शमशेर त्याला मुंबईपर्यंत सोडायला गेला.

पुढचे आठवडे कठीण गेले. सकाळी लॅब, दुपारी अर्शी, आणि संध्याकाळी सुमैरा मोबाईल घेऊन बसायची. मस्कतमधल्या एकेका शाळेचा पत्ता शोधायचा, लिहायचं. सगळ्यांना तोच मजकूर. माझी मुलगी तिसरीत आहे, ती हिअरिंग एड्स लावते, तिला वेगळी इमारत नको आहे, तिला इतर मुलांच्या वर्गात कसं शिकवाल ते सांगा. सोबत दोन वेण्या घातलेल्या अर्शीचा फोटो. काही शाळांनी उत्तरच दिलं नाही. काहींनी लांबलचक आणि गुळगुळीत उत्तरं दिली, त्यातून काही हाती लागेना. एका शाळेने मुलीसोबत दिवसभर बसायला मदतनीस पालकांनीच आणावा असं कळवलं. दुसरीने, जागा भरल्या आहेत, असं म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच शाळेची, प्रवेश सुरू आहेत, अशी जाहिरात तिच्या मोबाईलवर आली. सुमैराने त्या जाहिरातीखाली विचारलं, "सगळ्यांसाठी, की फक्त ऐकू येणाऱ्यांसाठी?" तिचा प्रश्न तासाभरात काढून टाकला गेला. तिने पुन्हा लिहिला.

नातेवाईक येऊन बोलून जायचे. नवरा एकटा परदेशात आणि बाई इथं शाळा निवडत बसली, असं कुजबुजत नाही तर तोंडावरच म्हणायचे. हाजराबींचंही आधी तेच मत होतं. पण ईदला त्या बेलापूरला गेल्या तेव्हा तिथल्या बायकांनी विचारलं, सून अजून हितंच कशी, पोरीला कुठं घेत न्हाईत का?

"घ्यायला लई जण तयार हायेत," हाजराबी म्हणाल्या. "आमच्या पोरीला अजून शाळा पसंत पडली न्हाई."

हे शमशेरने हसत हसत सुमैराला सांगितलं. सुमैराने अम्मांना त्याबद्दल काही विचारलं नाही, फक्त त्या परत आल्यावर त्यांच्या आवडीची खिमा-मेथी केली.

तिने उझैरलाही कामाला लावलं. फोटोवरून शाळा कळत नाही, प्रत्यक्ष जाऊन बघा, असं तिने त्याला सांगितलं. त्याची सुट्टी शुक्रवारी, शाळाही शुक्रवारी बंद, त्यामुळे त्याला वेळ मागून घ्यावा लागायचा. पहिल्यांदा तो कुरकुरत गेला.

"वर्गात गेलात की टाळी वाजवा," सुमैराने बजावलं.

"टाळी?"

"एक मोठी. आवाज लगेच मेला तर बरं. घुमत राहिला तर तिच्या यंत्रात नुसता गोंगाट होईल."

उझैर एका शाळेच्या रिकाम्या वर्गात उभा राहिला आणि त्याने टाळी वाजवली. दाखवायला आलेला कर्मचारी त्याच्याकडे बघत राहिला. फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, खिडक्या काचेच्या. आवाज वरपर्यंत जाऊन परत आला. "नको," तो फोनवर म्हणाला. दुसऱ्या शाळेतही नको. तिसऱ्या शाळेत त्याने वर्ग चालू असताना बाहेरून पाहिलं. शिक्षक फळ्याकडे तोंड करून सलग बोलत होते. उझैर दाराबाहेर उभा राहिला आणि त्याने आपल्या दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले. शिक्षकांचा चेहरा दिसत नव्हता, शब्द लागत नव्हते, नुसती एक घरघर. तो तसाच उभा राहिला, इतका वेळ, की एका मुलाने त्याच्याकडे बोट दाखवलं.

त्या संध्याकाळी त्याने सुमैराला फोन केला. "मी त्या दिवशी तिला केस मोकळे ठेवायला सांगितलं ते चुकलं," तो म्हणाला. सुमैरा म्हणाली, "उद्या कुठली शाळा आहे?"

सापडली ती शाळा शहराच्या जुन्या भागात होती. एका व्यापाऱ्याच्या घरासारखी दुमजली इमारत, अंगणात पत्र्याचा मांडव, तलाव वगैरे काही नाही. वर्गात जाड सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि खिडक्यांना कापडी पडदे होते. उझैरने टाळी वाजवली. आवाज तिथेच संपला. मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापिका, केरळच्या इंदू मॅडम, हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या मुलीचा कुठला कान जास्त चांगला? तिला वर्गात डावीकडे बसायला आवडतं की उजवीकडे?"

आजवर कुठल्याही शाळेने हा प्रश्न विचारला नव्हता. आणि उझैरला उत्तर माहीत नव्हतं. तो कारखान्यात पंपाच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग खराब आहे ते सांगायचा. त्याला आपल्या मुलीचा चांगला कान कुठला ते सांगता येईना. त्याने तिथूनच सुमैराला फोन लावला.

"उजवा," सुमैरा म्हणाली. "म्हणून ती डावीकडे बसते, म्हणजे वर्ग उजव्या कानाला येतो. हे कुणी विचारलं?"

"इथल्या मॅडमनी."

सुमैराने हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. समोरचा पेशंट बाही वर करून बसला होता. "त्यांना सांगा, मला त्यांच्याशी बोलायचंय," ती म्हणाली.

दोन दिवसांनी इंदू मॅडम पडद्यावर आल्या. या वेळी वेण्यांचा विषयच निघाला नाही, अर्शी स्वतः घालून बसली होती. मॅडमनी खिडकी आपल्या समोर येईल अशी खुर्ची फिरवली, म्हणजे उजेड त्यांच्या तोंडावर आला. सुमैराने आपले सगळे प्रश्न विचारले आणि मॅडमनी उत्तरं दिली. सगळीच काही मनासारखी नव्हती. एका शिक्षिकेला अशा मुलीला शिकवायचा अनुभव होता, बाकीच्यांना नव्हता. शाळा मोठी नव्हती, खेळायला मैदान लहान होतं. मॅडमनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, "आम्ही चुकू. चुकलो की सांगा."

"मी तिला पहिल्या बाकावर बसवा असं सांगेन," सुमैरा म्हणाली. "डावीकडे, पहिल्या बाकावर. एवढी एक अट."

"अर्शीला विचारू," इंदू मॅडम म्हणाल्या. त्या अर्शीकडे वळल्या आणि इंग्रजीत सावकाश म्हणाल्या, "तुला काही विचारायचंय? काही हवंय?"

अर्शीने आईकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "मला पहिला बाक नको," ती म्हणाली.

सुमैराला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "अर्शी?"

"मला दुसरा बाक पाहिजे," अर्शी म्हणाली, आता मराठीतच, आईकडे वळून. "पहिल्या बाकावरून फक्त बाई दिसतात. पोरं मागे असतात. ती काय बोलतात, कशाला हसतात, मला काही दिसत नाही. बाई बोलतात ते तर पुस्तकातही असतं."

"मला कधी सांगितलं नाहीस," सुमैरा म्हणाली.

"तू बाईंना सारखं सांगायचीस, पहिला बाक, पहिला बाक."

सुमैराने ज्या बाकासाठी दारं वाजवली होती, त्या बाकावर तिची मुलगी इतकी वर्षं वर्गाकडे पाठ करून बसली होती. तिला वाईट वाटलं आणि त्याच वेळी मनात कुठेतरी बरंही वाटलं, कारण पोरगी कुणाचं ऐकून गप्प बसणारी निघाली नव्हती, आईचंही नाही. तिने इंदू मॅडमना अर्शीचं म्हणणं इंग्रजीत सांगितलं. मॅडमनी ते लिहून घेतलं नाही, फक्त म्हणाल्या, "दुसरा बाक. डावीकडे. आणि पहिल्या बाकावरची मुलं थोडी तिरकी बसवू, म्हणजे तिला तीही दिसतील."

वरदला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, कंपनीची बस त्या बाजूला जात नाही, आणि कंपनीच्या वसाहतीपासून ती शाळा लांब. उझैरने वसाहतीतली जागा सोडली. शाळेपासून चालत जाता येईल असं घर घेतलं, खाली बेकरी असलेलं, आणि स्वतः कामाला लांबून जायला लागला. "लोक काय म्हणतील, वसाहत सोडून गेला?" वरदने विचारलं. उझैर म्हणाला, "म्हणू देत. त्यांना माझ्या घरी बोलवा, खाली पाव चांगला मिळतो." वरद पुढच्या महिन्यात बायको आणि मनवाला घेऊन खरंच आला. शाळेचा विषय त्याने काढला नाही, पण जाताना अर्शीला, तोंड तिच्याकडे करून, सावकाश विचारलं, की तिला मनवासोबत समुद्रावर यायचंय का.

सुमैराने लॅब सोडली. निघण्याच्या आदल्या दिवशी स्नेहल बाई भेटायला घरी आल्या. दुसऱ्या बाकाची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, "मला का नाही सुचलं?" आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्यांनी आपल्या वर्गाचे बाक हलवून पाहिले. हाजराबी विमानतळावर आल्या नाहीत. गर्दीत रडणं त्यांना आवडायचं नाही. त्या नगरच्या घराच्या जिन्यात उभ्या राहिल्या आणि गाडी वळेपर्यंत तिथेच होत्या.

मस्कतच्या शाळेत सुरुवातीचे दिवस ठीक गेले. अर्शीला एक मैत्रीण मिळाली, मग तिच्याशी भांडण झालं, मग पुन्हा जमलं. गणित सोपं वाटलं. सगळ्यात अवघड गेलं अरबी. तो विषय सगळ्यांनाच होता, आणि तो शिकवणारे इजिप्तचे सर उंच, कडक आणि भरघोस मिशांचे होते. मिशा वरच्या ओठावरून थेट खाली येत.

एका दुपारी अर्शी दप्तर टाकून म्हणाली, "अरबीचं मला काहीच कळत नाही. सरांचे ओठ दिसत नाहीत."

सुमैराने ओढणी घेतली, चपला पायात घातल्या. शाळा सुटलेली होती, पण इंदू मॅडम उशिरापर्यंत असायच्या. "चल," ती म्हणाली.

"तू येऊ नको," अर्शी म्हणाली. "मी बोलले."

"कुणाशी?"

"सरांशी. वर्गात. उभं राहून म्हटलं, सर, तुमच्या मिशांमुळे मला शब्द दिसत नाहीत."

सुमैरा चपला घालून तशीच उभी राहिली. "मग?"

"पोरं हसली. सर नाही हसले. म्हणाले, मिशा मी काढणार नाही."

"मग तू?"

"मी म्हटलं, काढू नका. फळ्यावर लिहा. आधी लिहा, मग माझ्याकडे बघून बोला."

"लिहिलं त्यांनी?"

अर्शी बेकरीतला पाव तोडून खात होती. तिने तोंडातला घास संपवला.

"आज नाही लिहिलं," ती म्हणाली. "उद्या परत सांगणार आहे."